तीन कार्डं, एक तोंड

शब्दकोशाच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तीन भिंतींना लाकडी कपाटं, कपाटांना खण, प्रत्येक खणाला पितळी कडी आणि कडीखाली अक्षराची पट्टी. खण एकूण तीनशे बारा. त्यातले दोन कितीही ओढले तरी उघडत नाहीत. ते कुठून कसे ठोकले की उघडतात हे एकाच माणसाला माहीत आहे. ती बाई एकतीस वर्षं तिथं बसते आणि सगळं कार्यालय तिला खणबाई म्हणतं. तोंडावर म्हणतं. पाठीमागं म्हणायची सोय नाही, कारण पाठीमागं बोललेलं तिला आधी कळतं.

खणबाई बुटकी, दणकट आणि बोलायला फटकळ. कार्डं चाळून चाळून तिच्या उजव्या तर्जनीला घट्टा पडलाय. खुर्चीवर नवऱ्याच्या जुन्या कोटातून शिवलेली उशी. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. 'त्यांचा कोट तरी माझ्याखाली असतो' असं ती कुणालाही, अगदी पहिल्यांदा भेटणाऱ्यालासुद्धा, सांगते.

या कार्यालयात जो कोश तयार होतो तो अजब आहे. तो ज्या भाषेचा आहे ती भाषा आज कुणी बोलत नाही. ते तर ठीक. अशा पुष्कळ भाषा आहेत. पण ही कुणी कधी लिहूनही ठेवली नाही. तिचं नाव आद्य स्लाव्हिक. दीड हजार वर्षांपूर्वी ती बोलली जायची. आज रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन, सर्बियन अशी तिची लेकरं-नातवंडं नांदताहेत. नातवंडांची नाकं बघायची आणि आजीचं नाक कसं असेल ते काढायचं, हा इथला धंदा. असं काढलेल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक छोटा तारा छापतात. ताऱ्याचा अर्थ, हा शब्द कुणी पाहिलेला नाही, आम्ही तर्कानं उभा केलाय.

खणबाई कामाला लागली तेव्हा तिला वाटलं होतं, तारा म्हणजे महत्त्वाचा शब्द. महिनाभर ती ताऱ्यांच्या कार्डांना जास्त जपून हात लावायची. खरं कळलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे ज्याला पुरावा नाही त्याच्या डोक्यावर मुकुट! हे तर आमच्या भावकीसारखंच झालं."

पुरावा कुठं असतो, तर खणांत. प्रत्येक कार्डावर एक साक्ष. अमक्या भाषेत, अमक्या गावी, अमक्या जुन्या पोथीत हा शब्द असा आढळला, सोबत एखादं वाक्य. विद्वान मंडळी वरच्या मजल्यावर बसून साक्षींवरून शब्द उभा करतात. मग छापायच्या आधी मुद्रितं, म्हणजे तपासायची कच्ची पानं, खाली येतात. 'सात साक्षी' लिहिलं असेल तर खणात खरोखर सात आहेत का, हे बघून समासात सही करायची. ते खणबाईचं काम. तिनं सही केली की वरचे पुन्हा विचारत नाहीत.

येत्या खंडात, पहिल्यांदाच, आतल्या पानावर एक नवी ओळ छापायची ठरली होती. 'साक्षी-गणना' आणि पुढं तिचं पूर्ण नाव. मोठ्या सरांनीच तसं सुचवलं. मोठे सर म्हणजे कोशाचे प्रमुख संपादक, वय अठ्ठ्याहत्तर. हा त्यांच्या हातचा शेवटचा खंड. खणबाईनं नावाचं ऐकून फक्त "बरं" म्हटलं, आणि त्या दिवशी जाताना दोन्ही अडेल खण उगाचच एकदा उघडून बंद केले.

त्या खंडाचं मुद्रित सोमवारी आलं. गुरुवारी दुपारपर्यंत सही करून छापखान्यात जायचं होतं. मंगळवारी ती सुनेच्या शब्दापाशी पोचली.

सुनेला आद्य स्लाव्हिकमध्ये म्हणायचे *स्नुखा. त्यातला उ इतका आखूड की जीभ लागेपर्यंत संपतो, आणि ख घशातून घासत येणारा. संस्कृतातली स्नुषा ही तिची सख्खी बहीण, आणि त्या स्नुषेच्या वंशातली आपली सून. मूळच्या शब्दात उ नंतर स होता. उ च्या शेजारी त्या स ला सुखानं राहता येईना. संस्कृतात त्याचा ष झाला, इकडे ख झाला. लॅटिनमध्ये ती नुरुस, ग्रीकमध्ये नुओस, आर्मेनियनमध्ये नुसती नु. शब्दाच्या पोटात आणखी आधीचं काय दडलंय, 'जोडणं' की 'बांधणं' की आणखी काही, यावर विद्वानांचं जमत नाही, आणि तिथं कोश गुपचूप पुढं सरकतो.

व्याकरणातही या सुनेनं बराच प्रवास केलाय. सगळ्यांत जुन्या रूपाचा शेवट बहुधा पुरुषी शब्दांसारखा असावा. ग्रीकमध्ये तो अजून तसाच आहे, अंगरखा पुरुषाचा आणि आत बाई. संस्कृतानं आणि स्लाव्हिकनं तिला शेवटी आ देऊन बायकांच्या वर्गात बसवलं. लॅटिनमध्ये मात्र वेगळंच घडलं. तिथं सुनेनं सासूच्या शब्दाचा वर्ग उचलला, सासू चालेल तशी सून चालू लागली.

याच जागी मोठ्या सरांचा परिच्छेद होता. नऊ ओळी. आद्य स्लाव्हिकमध्ये सासू म्हणजे *स्वेक्री, आणि 'सासूचा' म्हणायचं तर *स्वेक्रुवे. सासूचा वर्गच निराळा. सरांचं म्हणणं असं, की स्लाव्हिक मुलखाच्या पश्चिम टोकालाही लॅटिनसारखंच घडलं होतं. तिथल्या एका डोंगरी बोलीत 'सुनेचा' हे रूप सासूच्या थाटात चालवलेलं सापडतं. पश्चिमेकडे पुढं हा शब्द बहुतेक मोडीत निघाला, पोलिशमध्ये तर सुनेला आता मुलाच्या शब्दावरून बनवलेलं नाव आहे. म्हणून तिकडची साक्ष सोन्याच्या मोलाची. आणि ती एक नव्हे. 'तीन स्वतंत्र साक्षी', असं सरांनी लिहिलं होतं. चाळीस वर्षांत याहून देखणं काही हातून लिहिलं गेलं नाही असं ते जिन्यावर भेटेल त्याला सांगत होते. झाडणाऱ्या बाईलासुद्धा सांगून झालं होतं.

खणबाईनं खण ओढला. कार्डं मोजली. एक, दोन, तीन. समासात सही करायला पेन उचललं, तेवढ्यात कार्यालय बंद व्हायची घंटा झाली. उद्या करू म्हणून तिनं टोपण लावलं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत खिडकी आणि खिडकीत सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, डोळे मात्र घारीचे. समोरच्या रस्त्यावर कोण कुणाशी बोलतो हे त्या आवाजावरून नाही, हातवाऱ्यांवरून ओळखतात. सून कामावरून आली की रोज एकच प्रश्न.

"काय गं, आज कुठला मेलेला शब्द आणलास?"

"आज सून," खणबाई चपला काढत म्हणाली.

"ती कुठं मेलीय? ती काय, समोर उभी आहे."

खणबाईनं मटारच्या शेंगांची टोपली दोघींच्या मध्ये ठेवली आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. स्नुखा, स्वेक्री, लॅटिनमधली सून सासूच्या वर्गात कशी गेली. सासूबाईंना व्याकरण फार आवडतं, फक्त त्या त्याला व्याकरण म्हणत नाहीत.

"लॅटिनमधली सासू जबर असणार," त्या म्हणाल्या. "नाहीतर आमच्या नशिबी बघ. एकतीस वर्षं झाली, माझा एक प्रत्यय तुला लागला नाही."

"लागला की. भांडायला लागले की शेजारीण म्हणते, अगदी सासूवर गेलीय."

"मेलीला स्वतःच्या सुनेचं बघायला सांग." सासूबाईंनी एक दाणा तोंडात टाकला. "आणि त्या डोंगरातल्या बाया काय म्हणतात?"

"कार्डावर वाक्य आहे ना. 'आमच्या सुनेची बादली अजून भरतेच आहे.' त्यातलं 'सुनेची' हे सासूच्या चालीवर. तीन साक्षी आहेत."

सासूबाई हसायला लागल्या. दात नसल्यानं त्यांचं हसू आधी खांद्यांत दिसतं.

"अगं, हा टोमणा आहे! सून पाण्याला गेली आणि नळावर गप्पा मारत बसली, त्यावरचा."

"असेल. तिन्ही कार्डांवर हेच आहे."

सासूबाईंचे खांदे थांबले. "तिन्हीवर? हेच? शब्दाला शब्द?"

"हो."

"तीन गावच्या तीन बाया एकच टोमणा, एकाच बादलीचा, शब्दही न बदलता मारतात? टोमणे काय टपालानं येतात का गं? खालच्या मजल्यावर परवा भांडण झालं ते दोघी शेजारणींनी मला येऊन सांगितलं. एकीच्या सांगण्यात लाटणं होतं, दुसरीच्या सांगण्यात झाडू. एकाच भांडणाचं! आणि तुझ्या तीन गावांत एकच बादली?"

खणबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं ती सोलली, पुढची सोलली, पण दाणे टोपलीत आणि सालं वाटीत जायला लागली तेव्हा सासूबाईंनीच वाटी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी रखवालदारानं दार उघडलं तेव्हा ती पायरीवर उभी होती.

तीन कार्डं तिनं टेबलावर ओळीनं मांडली. पहिलं जुनं, पिवळं पडलेलं, तपकिरी शाईतलं तिरपं बारीक अक्षर. खालचा कोपरा झिजून गावाचं नाव गेलेलं. उरलंय फक्त 'वही सात'. दुसऱ्यावर साक्षीच्या जागी ती गोळा करणाऱ्याचं नाव. हे एक मास्तर होते, डोंगरातली गावं पायी हिंडून त्यांनी वह्या भरल्या होत्या. तिसऱ्यावर गावाचं नाव, स्वच्छ, ठळक. म्हणजे एकीकडे वही, एकीकडे मास्तर, एकीकडे गाव. वरून बघणाऱ्याला तीन साक्षी दिसणारच. आणि दुसरं-तिसरं दोन्ही तिच्याच अक्षरातली.

तिनं ती उलटली. कार्ड लिहिलं की मागं तारीख घालायची तिची सवय. दुसऱ्याची तारीख एकतीस वर्षांपूर्वीची, नोकरीचा पहिलाच महिना. तिसऱ्याची त्यानंतर अकरा वर्षांची, छतातला पाण्याचा पाइप फुटून चाळीस खण भिजले होते त्या वर्षाची.

आता सगळं लख्ख आठवलं. कोशाचा एक नियम आहे. कार्ड झिजलं की नव्या कार्डावर उतरवायचं आणि जुन्याचा वरचा कोपरा कात्रीनं कापून मागच्या पेटीत टाकायचं. कोपरा कापला म्हणजे कार्ड सेवानिवृत्त. मोजणीत धरायचं नाही. पहिल्या महिन्यात हे कार्ड तिच्या हातात आलं. तिनं उतरवलं. गाव वाचता येईना म्हणून मास्तरांचं नाव घातलं. कात्री उचलली. आणि त्या तिरप्या अक्षराकडे बघत राहिली. इतकं सुरेख अक्षर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. थंडीवाऱ्यात कुठल्यातरी ओट्यावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून कुणी असं लिहितं! तिला कात्री चालवेना. पेटीत टाकण्याऐवजी तिनं ते कार्ड परत खणात लावलं, नव्याच्या मागं. एवढंच. पाइप फुटला तेव्हा दोन्ही भिजली. तिनं घाईत वहीतून नुसतं गाव शोधून तिसरं केलं, आणि आधीची दोन वाळवून परत लावली, कारण कोपरा कापलेला नव्हता, म्हणजे जिवंत.

"कार्डं मोजली," ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. "तोंडं कुठं मोजली?"

तिला रडू आलं नाही. राग आला, तोही कुणाचा म्हणाल तर त्या पहिल्या महिन्यातल्या पोरीचा. मग तिनं तळघरातून वही सात काढून आणली. पान सापडलं. गाव तेच, वाक्य तेच, मास्तरांचं अक्षर तेच. पण कार्डावर उतरवताना मास्तरांनी स्वतःच गाळलेली एक गोष्ट वहीच्या समासात होती. 'वृद्ध बाई. हे रूप हसून म्हणाली. तिची सून म्हणते, असं कुणी बोलत नाही.'

खणबाई खुर्चीत बसली. म्हणजे तीनाचं एक झालं, आणि त्या एकालाही घरातल्याच माणसानं खोटं पाडलं होतं.

आता काय करायचं हा प्रश्न तिला पडला नाही असं म्हणणं खोटं होईल. पडला. समासात सही करायची एवढंच तर बाकी होतं. कार्डं तीन आहेतच, कुणी खोटं म्हणू शकत नाही. आतल्या पानावर नाव छापून येईल. मोठे सर शेवटच्या खंडात आपला आवडता परिच्छेद बघून सुखानं घरी जातील. आणि हे सांगितलं तर? एकतीस वर्षांत तिची एकही मोजणी चुकली नाही अशी ख्याती. एका कार्डानं ती मातीत जाणार. त्या ओळीत नाव राहील का नाही हेही सांगता येत नव्हतं. पण हा विचार फारसा वेळ टिकला नाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरा आला. पहिल्या महिन्यात मी आणखी किती कोपरे कापले नाहीत?

सर अकराला यायचे. तिच्याकडे तीन तास होते. तिच्या तारखांच्या सवयीनं आज हात दिला. पहिल्या महिन्यातली कार्डं एकशे ऐंशीच्या आसपास, आणि ती कुठल्या अक्षरांच्या खणांत गेली हे तिला पाठ. तिनं खण ओढायला सुरुवात केली.

सर आले ते काठी टेकत, छान दाढी करून. "खणबाई, सही झाली? छापखान्याचा दोनदा फोन येऊन गेला."

"बसा सर."

"बसायला वेळ नाही हो."

"बसा. उभ्यानं ऐकायचं नाही हे."

सर बसले. तिनं तीन कार्डं त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी वही उघडून ठेवली, आणि एक घाव दोन तुकडे करावेत तसं सांगून टाकलं. ही तीन साक्षी नाहीत. एक आहे. दोन प्रती मी केल्या. जुन्याचा कोपरा मी कापला नाही. का नाही कापला, तेही सांगितलं.

सरांनी तिन्ही कार्डं पुढं ओढली. मग त्यांनी एक उचलून उजेडात धरलं, जणू तिथं दुसरं काही सापडेल.

"पण लॅटिनमध्ये घडलंय ना," ते म्हणाले. "सुनेनं सासूचा वर्ग घेतला. ही गोष्ट खरी आहे."

"लॅटिनमध्ये खरी आहे सर. शेजारच्या घरात चोरी झाली म्हणून आपल्या घरात झाली असं होत नाही."

"तुम्ही मला शिकवता?"

"नाही. मी मोजते. एवढंच येतं मला, आणि तेही चुकलं म्हणून सांगतेय."

सरांचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षांत मला एक असं रत्न सापडलं, आणि तुम्ही छापायच्या आदल्या दिवशी... कालपर्यंत कुठं होतात?"

"कालपर्यंत मीही तुमच्यासारखीच खूश होते. काल संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, टोमणे टपालानं येतात का."

"कुणी?"

"सासूबाईंनी. माझ्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत, शाळेत गेल्या नाहीत. तीन बाया एकच वाक्य शब्द न बदलता बोलणार नाहीत म्हणाल्या. माझ्या डोळ्यांसमोर कार्डं होती, मला दिसलं नाही. तुमच्याही होती."

सरांनी कार्डं बाजूला सारली. मग वही जवळ ओढली. समासातली ओळ त्यांनी एकदा वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. 'हसून म्हणाली' या शब्दांवर बोट ठेवलं. खणबाई वाट बघत उभी. तिला वाटलं, आता काठी आपटून उठून जाणार.

सर हसले. आधी थोडं, मग इतकं की ठसका लागला आणि तिला पाण्याचा ग्लास पुढं करावा लागला.

"म्हातारीनं मास्तरांची फिरकी घेतली," ते डोळे पुसत म्हणाले. "एक शहरी माणूस ओट्यावर वही घेऊन बसलाय, विचारतोय, आजी, सुनेला काय म्हणता, सुनेचं काय म्हणता. हिनं सुनेला सासू करून दाखवलं, सून समोर ऐकत असताना. आणि मी त्यावर नऊ ओळींचा राजवाडा बांधला!"

"राजवाडा छान होता सर."

"होता ना?" त्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. "खरंच छान होता?"

"पाया नव्हता. बाकी छान होता."

सरांनी लाल पेन काढलं, मुद्रित ओढलं आणि नऊ ओळींवरून आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली. तिच्या जागी त्यांनी एक ओळ लिहिली. पश्चिमेकडील वेगळ्या रूपाची एकच नोंद, तीही शंकास्पद. मग पेन न ठेवताच विचारलं, "आणखी अशी किती कार्डं?"

"त्या महिन्यातली सगळी सकाळपासून बघितली. कोपरा न कापलेली आणखी तीन. तिन्ही शब्द पुढच्या खंडातले आहेत, अजून छापले नाहीत. काढून ठेवलीत. आता पाइप फुटला त्या वर्षाची बघते. त्याला दोन महिने लागतील. बघितल्याशिवाय पुढच्या खंडाचं एक पान सही होणार नाही."

"आणि मला वाटलं तुम्ही राजीनामा आणलाय."

"राजीनामा देऊन खण कोण बघणार? चुकले मी, आणि निस्तरायला दुसरी? हे बरं!"

तेवढ्यात फोन वाजला. छापखान्यातले जुळारी. खिळे जुळवणं जाऊन संगणक येऊन पंचवीस वर्षं झाली तरी त्यांना सगळे जुळारीच म्हणतात, आणि ते ओरडूनच बोलतात, कारण जुन्या यंत्रांनी त्यांचे कान नेलेत. खणबाईनं बदल सांगितला.

"नऊ ओळी काढल्या?" जुळारी ओरडले. "एक आली? अहो, पुढची दोनशे पानं लागून बसलीत! आठ ओळींचं भोक पडलं. त्यात काय भरू, माझं डोकं?"

तिनं सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. "काहीतरी सुचवायला हवं," ते पुटपुटले. "लॅटिनची आणखी थोडी चर्चा..."

"नको," खणबाई म्हणाली. "तुमच्या पहिल्या मसुद्यात रूपावली होती. परिच्छेदाला जागा व्हावी म्हणून तुम्हीच काढलीत. ती घाला."

"ती? तिच्यात काय आहे? ती कुणालाही मांडता येते."

"म्हणूनच. तिला आव्हान नाही."

सरांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. खणबाईनं मसुद्याचा कागद शोधून काढला आणि फोनवर एकेक रूप सांगायला लागली. "लिहा. प्रत्येकाच्या आधी तारा. सून, *स्नुखा. सुनेचा, *स्नुखी. सुनेला, *स्नुसे, हो, इथं ख चा स होतो, चूक नाही. हाक मारताना, *स्नुखो."

"स्नुखो!" जुळाऱ्यांनी तिकडून हाक मारून बघितली. "चांगली आहे की. लांबवर ऐकू जाईल."

"आता द्विवचन. दोघी सुना, पुन्हा *स्नुसे."

"दोघींना वेगळं रूप?"

"हो. एक, दोन आणि पुष्कळ, असे तीन हिशेब होते त्यांचे."

"शहाणे लोक. आमच्या घरी दोन आहेत. एकटी एकटी असताना गाय, एकत्र आल्या की रूपच बदलतं."

सरांना ते ऐकू गेलं. ते पुन्हा हसले. रूपावली सहा ओळींत बसली. दोन ओळी उरल्या.

"दोन आहेत अजून," जुळारी ओरडले.

"त्यात टीप घाला," खणबाई म्हणाली, आणि सरांकडे न बघता सांगू लागली. "या रूपाच्या तीन नोंदी खणांत आढळतात, पण तिन्ही एकाच साक्षीच्या प्रती आहेत. दोष साक्षी-गणना करणाऱ्याचा. पुढं माझं नाव."

"थांबा, थांबा," सर काठीवर रेलून उठले. "इतकं उघड करायची गरज नाही. शांतपणे काढलं, झालं."

"उद्या दुसरा कुणी येईल, तीन कार्डं बघेल, आणि तुमचाच राजवाडा परत बांधेल. कोपरे मी आता कापीन, पण या कार्डांचे फोटो किती ठिकाणी गेलेत कोण जाणे. नाव आतल्या पानावर मोजणी केली म्हणून छापताय, तर चुकली तिथंही छापा. नाहीतर दोन्हीकडून काढा."

सरांनी तिच्याकडे, मग फोनकडे बघितलं. मग हात पुढं करून तिच्या हातातून फोन घेतला. "जुळारी, मी बोलतोय. लिहा. दोष, मजकूर लिहिणाऱ्याचा आणि साक्षी-गणना करणाऱ्याचा. आधी माझं नाव."

"आधी माझं," खणबाईनं शेजारून आवाज चढवला. "कार्ड मी ठेवलं."

"तीन वाक्यं सारखी आहेत हे न बघता 'स्वतंत्र' हा शब्द मी लिहिला. मी प्रमुख संपादक आहे."

"म्हणून काय झालं? माझी चूक एकतीस वर्षांची, तुमची दोन वर्षांची. मान माझा."

"अहो!" फोनमधून जुळाऱ्यांचा आवाज खोलीभर आला. "लोक नाव आधी यावं म्हणून बक्षिसासाठी भांडतात, तुम्ही चुकीसाठी भांडताय! ठरवा लवकर. इथं माणसं हाताची घडी घालून उभी आहेत."

सर आणि खणबाई एकमेकांकडे बघत राहिले. कुणीच मागं सरेना.

"अक्षरक्रमानं लावा," शेवटी खणबाई फोनमध्ये म्हणाली. "कोशच आहे हा."

तिकडे थोडा वेळ कळा दाबल्याचा आवाज आला. सर मनातल्या मनात दोन्ही नावांची अक्षरं लावून बघत होते. खणबाईचंच आधी येतंय हे लक्षात येताच त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण तोवर खणबाईनं मुद्रित पुढं ओढलं होतं, टोपण काढलं होतं आणि समासात, 'एकच नोंद' या शब्दांपुढं, सही ठोकली होती.